उसन्या भिंती

भाड्याचे घर पाहताना माणसे खोल्या मोजतात, नळाला पाणी किती वेळ असते ते विचारतात, खिडकीतून वारा येतो की नाही हेही पाहतात. भिंतींकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. सामान लावून होते, दिवेलागण होते, आणि मग त्या दिसू लागतात. कोऱ्या, अबोल आणि परक्या! आपण त्यांच्याकडे पाहतो, पण ओळख काही पटत नाही.

माझ्या वडिलांची नोकरी बदलीची. सातारा, धुळे, सांगली, अमरावती असा आमचा संसार फिरत राहिला. घरमालक बदलत, पण त्यांची अट एकच असे : "भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि रंगाला हात लावायचा नाही." वडील मान डोलावीत. आई काहीच बोलत नसे. ती नुसती भिंतीकडे पाहत राही. तिच्या मनात काहीतरी जुळते आहे, हे आम्हां भावंडांना तेवढ्यावरून कळे.

तिची साधने अगदी साधी होती. खिडकीच्या गजापासून समोरच्या खुंटीपर्यंत ती सुतळी ताणून बांधी आणि तिच्यावर आजीने शिवलेली गोधडी पसरी. आजीचे लुगडे, आत्याचा परकर, माझे झबले या साऱ्यांचे तुकडे त्या गोधडीत होते. ती भिंतीवर आली की सगळे आप्त एकदम भेटायला आल्यासारखे वाटे. सरलेल्या वर्षाच्या दिनदर्शिकेतील चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून ती कोनाड्यात उभी करी.

धुळ्याच्या घराची भिंत तैलरंगाची, गुळगुळीत होती. तेथे तिने मैद्याची पातळ खळ शिजवली. पक्क्या रंगाच्या जुन्या साडीचा सुती काठ तीत भिजवून तो भिंतीवर दाबून बसवला. दोन वर्षांनी घर सोडताना ओल्या फडक्याने तो भिजवताच अलगद सुटून आला. भिंतीवर डाग नाही की ओरखडा नाही! चुन्याचा हात दिलेल्या भिंतीवर मात्र तिने हा प्रयोग कधी केला नाही. कारण तेथे खळीबरोबर चुन्याचे पापुद्रेही निघून येतात.

पुढे वाचनात आले, की भिंत सजवण्याची ही हौस फार जुनी आहे. वारली स्त्रिया लग्नप्रसंगी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. ती चित्रे त्या भिंतीचीच असत. जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतरच्या दशकात ही कला कागदावर आणि कापडावर आणली आणि भिंतीवरचे चित्र प्रवासाला निघाले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्याआधी कितीतरी वर्षे, १८९४ साली, राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला होता. त्यामुळे ज्यांना मूळ चित्र घेणे शक्य नव्हते, त्यांच्या घरीही छापील चित्र पोहोचले. आपली चित्रे बरोबर घेऊन गावोगाव जाणारे आम्ही काही एकटेच नव्हतो!

पण एक गोष्ट आम्हांला बरोबर नेता येत नसे. सांगलीला असताना धाकटी बहीण एकदा रडवेली होऊन शेजारून परत आली. त्या घरच्या भिंतीवर मुलांची उंची दरवर्षी पेन्सिलीने मांडून ठेवलेली होती. "आई, माझी उंची कुठे लिहायची? आपली भिंतच नाही," ती म्हणाली.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने पेटीतून मांजरपाट काढले, त्याची पुरुषभर लांबीची पट्टी फाडली आणि कडा दुमडून शिवली. दाराच्या चौकटीला ती टांगून बहिणीला तिच्याशी पाठ लावून उभे केले. जेथे डोके टेकले तेथे तांबड्या दोऱ्याचा एक टाका घातला आणि शेजारी वर्ष भरले. मग माझी पाळी आली. शेवटी बहिणीने आईलाही उभे केले. तिचा टाका सर्वांत वर आला.

ती पट्टी आमच्याबरोबर प्रत्येक गावी आली. दरवर्षी तांबडे टाके वर सरकत गेले. एके वर्षी माझा टाका आईच्या टाक्याच्या वर पडला. तो घालण्यासाठी तिला स्टुलावर चढावे लागले. त्या दिवशी ती किती वेळ हसत होती!

आज आई नाही. मी राहतो ते घरही भाड्याचेच आहे, आणि येथेही खिळा ठोकायला मनाई आहे. चौकटीला टांगलेल्या त्या पट्टीवर आता माझ्या मुलीचे टाके पडू लागले आहेत. आईच्या टाक्यापाशी पोहोचायला तिला अजून चार बोटे हवीत.

भिंत मालकाची असते, आणि ती होती तशीच त्याला परत करणे हा आपला धर्म आहे. पण तिच्या आधाराने जे वाढते, ते आपले असते. ते कोणत्याही गावी नेता येते.