राजदूतराव, तुमचे हुक कापणार नाही

अकोला, मे महिन्याचा तिसरा आठवडा

राजदूतराव यांस,



पत्रास कारण की, तुमचं इंजिन चेसिसवरून उतरवल्यापासून आमच्या गल्लीला एक विषय मिळाला आहे. मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली तुम्ही विटांवर उभे आहात, चाकं भिंतीला टेकलेली, आणि येणारा-जाणारा कंबरेवर हात ठेवून सल्ला देतो आहे. शेजारच्या आजोबांचा सल्ला सरळ आहे: "काहून डोकं लावून राह्यला बे याच्यात? किलोच्या भावानं कबाड्याले देऊन टाक." त्यांचा इंजिनिअरिंगला शिकणारा नातू मोबाइलवर फोटो दाखवतो. त्यात मागचं मडगार्ड उडवलेलं, सीट फळीसारखी, हँडल खाली वाकलेलं आणि सायलेन्सरला पट्टी गुंडाळलेली. "काका, कॅफे रेसर करू ना याचं. लय भारी दिसन." तिसरे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवणारे. त्यांचं म्हणणं, कारखान्यातून निघाली तशीच गाडी झाली पाहिजे, नाहीतर त्याला रिस्टोअर म्हणूच नका.

तिघांना एकदम उत्तर द्यायचं तर ते तुमच्या समोर दिलेलं बरं. म्हणून हे उघडं पत्र.

आधी तुमची कुंडली. तुमचं मूळ पोलंडमधलं. किएल्त्से शहरात एसएचएल नावाची मोटरसायकल बनायची, तिच्या एम-11 या मॉडेलवरून एस्कॉर्ट्स कंपनीनं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तुम्हाला इथे आणलं. 173 सीसीचं एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, साडेसात हॉर्सपॉवर आणि तीन गिअर. त्या काळी देशात मोटरसायकल म्हटली की बुलेट, जावा-येझदी आणि तुम्ही, एवढीच नावं. बुलेट फौजदाराची, जावा कॉलेजातल्या पोरांची आणि तुम्ही कामाच्या माणसाचे. जाहिरातीत तुमच्यावर धर्मेंद्र बसले ते उगाच नाही. 1973 च्या ‘बॉबी’त ऋषी कपूर आणि डिंपल ज्या छोट्या गाडीवरून हिंडले तीसुद्धा तुमच्याच घराण्यातली, पण तो लाडाचा धाकटा. खेड्यात खपले ते तुम्हीच. पुढे 1985 मध्ये हीरो होंडा आली, निम्म्या पेट्रोलात धावू लागली, आणि टू-स्ट्रोकच्या धुराचे दिवस भरत आले. तरी तुम्ही 2005 च्या सुमारापर्यंत कारखान्यातून निघत राहिलात. याला चिवटपणा म्हणायचं की मालकांचा आळस, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमची पहिली नोंद 1972 ची. पुढच्या चाकालाही मागच्यासारखेच उभे शॉकअप असलेला तो जुना अवतार. तुमच्या आयुष्याचा मोठा भाग दर्यापूर-मूर्तिजापूर रस्त्यावर दूध वाहण्यात गेला. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, तुमच्या अंगावरच लिहिलेलं आहे. सीटच्या मागे लोखंडी पट्ट्यांचं कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे जाड हुक. चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसतं दूधच ऐंशी किलोंच्या वर. वर स्वार. साडेसात घोड्यांना हे ओझं ओढता यावं म्हणून मागचं स्पॉकेट कुणीतरी मोठं बसवलेलं. मागच्या शॉकअपमध्ये भलत्याच गाडीची जाड स्प्रिंग. हुकचा भार पेलायला चेसिसला एक कान वेल्ड केलेला, आणि ते वेल्डिंग इतकं ओबडधोबड की हात फिरवला तरी टोचतं. पण पन्नास वर्षांत तडकलेलं नाही. कॅन घासून घासून बाजूच्या डब्यावर चंद्रकोरीच्या आकाराची जागा उघडी पडली आहे. तिथे रंग नाही, प्राइमर नाही, नुसता पत्रा, आणि तोही गुळगुळीत.

मडगार्डचीही अशीच गोष्ट. पावसाळ्यात दर्यापूरकडची काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की चाक फिरत नाही. तुमचं पुढचं मडगार्ड बोल्टाखाली वायसरांची चळत घालून वर उचललेलं आहे. दिसायला विचित्र, पण ज्यानं केलं त्याला आरशात बघायचं नव्हतं, सकाळच्या गाडीला दूध पोचवायचं होतं. रिम आणि टाकीचा तळ खाल्लाय तो खारपाणपट्ट्यातल्या पाण्यानं. पूर्णेच्या दोन्ही बाजूंच्या त्या गावांत विहिरीचं पाणी खारट. माणसं ते पिऊ शकत नाहीत, गाड्या मात्र त्यानंच धुतल्या जातात.

आता टाकीविषयी सांगतो, कारण माझं मत तिथेच ठरलं. रंग काढायला पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन बसलो. वरचा थर निळा ऑइलपेंट, ब्रशनं मारलेला, केस चिकटलेले. त्याखाली लाल. लालाखाली पिवळ्या अक्षरांत ‘श्री गजानन प्रसन्न’, पेंटरच्या सरावलेल्या हातानं काढलेलं, ‘श्री’ची वेलांटी टाकीच्या गोलाईवर छान वळवलेली. त्याखाली काळा, आणि तोच कारखान्याचा. पेपर अक्षरांपाशीच थांबला. जमवणाऱ्या गृहस्थांच्या नियमानं मला काळ्यापर्यंत जायला हवं. म्हणजे शेगावच्या महाराजांना घासून काढायचं, कान ग्राइंडरनं उडवायचा, हुक भंगारात द्यायचे, आणि मग करोलबागेतून मागवलेली डुप्लिकेट मोनोग्राम चिकटवून म्हणायचं की ही अस्सल.

मला हे पटत नाही. कारखान्यात तुम्ही किती काळ होतात? रस्त्यावर किती? जी गाडी वऱ्हाडात कुणी कधी पाहिली नाही, ती नव्यानं घडवायला मी मोकळा आहे, पण तिला तुमचं नाव देणार नाही.

नातवाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. गाडी कापून नवी घडवणं ही कला आहे. मुंबईचे अक्षय वर्दे यांनी ‘वर्देंची’ या नावानं बुलेटींची जी रूपं केली ती पाहून कुणालाही हेवा वाटेल. पण त्याला सांगितलं, बाबा, त्यासाठी तुझ्या बापाची पल्सर घे. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं ठरवलेली मूळ रचना बदलता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात ते ठणकावून सांगितलं आहे. यावर त्यानं विचारलं, मग तो वेल्ड केलेला कान? पोरगं हुशार आहे.

कायद्याच्या दारात तुमची पंचाईत अशी. केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी त्यात बसते, पण मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे 5,000, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. गाडी रोज रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठी परवानगी. म्हणजे तुम्हाला पेट्रोल भरायला नेता येईल, जठारपेठेत भाजी आणायला नाही. ज्यांच्याकडे राजेरजवाड्यांच्या मोटारी आहेत त्यांना हा नियम शोभतो. मी तुमची साधी नोंदणीच पुढे चालू ठेवणार आहे: तपासणी, पर्यावरण कर, रांग, सगळं. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी जे करावं लागतं ते.

आता तुमच्या तब्येतीचं. क्रँकचा मोठा बेअरिंग गेला होता. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवला की टकटक यायची. टू-स्ट्रोकचा क्रँक प्रेसवर दाबून बसवलेला असतो, घरच्या शिकंज्यात तो उघडत नाही. म्हणून पोत्यात गुंडाळून तो बसनं अमरावतीला नेला. तिथे एक म्हातारे लेथवाले मिस्त्री अजून हे काम करतात. नवा रॉड, पिन आणि बेअरिंग बसवून त्यांनी क्रँक दोन सेंटरांमध्ये धरला, डायल गेज लावलं आणि तांब्याच्या हातोडीनं एकेक ठोका देत गेले. ठोका, फिरवणं, काट्याकडे बघणं, पुन्हा ठोका. दोन्ही चकत्या शतांश मिलिमीटरच्या हिशेबात एका रेषेत आल्या तेव्हा काटा जागचा हलेना. मी काही बोलायला गेलो तर म्हणाले, "थांबा न जी, आयकू द्या." काय ऐकत होते ते मला कळलं नाही.

पॅकिंग मात्र घरीच कापतो. कागदी शीट क्रँककेसच्या तोंडावर ठेवायचं आणि छोट्या हातोडीच्या गोल टोकानं कडेकडेनं हलके ठोकत जायचं. लोखंडाची कड कागदाला आपोआप कापते. बोल्टाच्या भोकावर बेअरिंगची गोळी ठेवून एक ठोका दिला की भोक तयार. नातू हे बघत तासभर बसला, मोबाइल खिशात ठेवून. कॅफे रेसरचं नाव त्यानं त्या दिवशी काढलं नाही.

पेट्रोलचं जरा सांभाळावं लागेल. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं, गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं, आणि तुमचा तळ आधीच खाल्लेला. जुने रबरी पाइप त्यात टिकत नाहीत, ते बदलले. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं आणि टू-स्ट्रोक इंजिन तापतं. त्यात आपला पारा 45 च्या वर. पिस्टन जाम व्हायला आणखी काय हवं? म्हणून कार्बोरेटरचा जेट एक नंबर मोठा घातला आहे आणि पेट्रोलमध्ये ऑइल हात राखून टाकणार नाही. धूर जरा जास्त होईल. आजोबांना खोकला येईल, त्याला इलाज नाही.

रंगाला दिवाळीपर्यंत थांबा. सध्या गनमधून निघालेला रंग पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात तोच दमट हवेनं दुधाळ पडतो. थांबण्याला आणखी एक कारण आहे: टाकीवरची अक्षरं तशीच राखून वर फक्त पारदर्शक लॅकर मारणारा पेंटर शोधतोय. ज्याला विचारावं तो म्हणतो, "नवीन लिहून देतो ना, याच्याहून मस्त."

रंगाआधी एकदा तुम्हाला अमरावतीपर्यंत नेऊन आणायचं आहे. तो रस्ता आता तुम्हाला ओळखू येणार नाही. जून 2022 मध्ये लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटरच्या एका लेनचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. त्यावर ट्रक ज्या वेगानं जातात, त्यापुढे तुमची पन्नासची चाल म्हणजे अडथळाच. आपण डाव्या कडेनं जाऊ. मूर्तिजापूरला मात्र थांबू. शकुंतला रेल्वेचे नॅरोगेज रूळ तिथे गवतात पडले आहेत. तिचं वाफेचं इंजिन 1994 मध्ये काढलं, मग डिझेलही बंद पडलं, आणि तेव्हापासून तिच्यावर लेख येत असतात. आम्ही वऱ्हाडी आठवणी काढण्यात पटाईत, ग्रीस घालण्यात नाही.

हुकांना गंजविरोधक लावून ठेवलं आहे. कानाच्या वेल्डिंगला मी हात लावणार नाही, आरटीओत विचारलं तर विचारलं. मडगार्डखालच्या वायसरा जुन्या झिजल्या होत्या, तेवढ्याच जाडीच्या नव्या घातल्या. आता अडलंय ते क्रँकच्या डाव्या बाजूच्या ऑइल सीलपाशी. अकोल्यात मिळालं ते सैल होतं, अमरावतीत मिळालं ते आखूड. राजापेठेतला दुकानदार म्हणाला, सोमवारी मागवतो. कोणता सोमवार, ते विचारायचं राहिलं.

कळावे,
आपला,
विटांचा मालक