डोळ्यांतलें तेल

डोळ्यांत तेल घालून जपावें, असें आपली भाषा सांगते. परंतु हा वाक्प्रचार कोणी गोठ्यांत अक्षरशः आचरूं लागला, तर अनर्थ ओढवावयाचा. सातारा-सांगलीच्या माणदेशी पट्ट्यांत खिलार बैल म्हणजे घराचें भूषण. त्याचीं लांब, टोंकदार शिंगें बेंदराला कौतुकानें रंगवितात. आणि तेंच शिंग शेजारच्या बैलाला लागलें, तर डोळा खोबणींतून बाहेर येतो.

आटपाडीकडे एका आप्तांच्या गोठ्यांत आम्हीं हा प्रकार पाहिला. बैल थरथरत उभा होता. एकानें तूप आणलें, दुसऱ्यानें कसलासा पाला वाटला, तिसरा अंगठ्यानें डोळा आंत दाबावयास सरसावला. घरची वृद्ध स्त्री तेवढी म्हणाली, "हात लावूं नका रं, फडकं भिजवून आणा." उकळून निवविलेल्या पाण्यांत भिजविलेलें स्वच्छ फडकें न दाबतां डोळ्यावर धरलें, आणि पशुवैद्यांस बोलावणें धाडलें. डोळा वांचला, दृष्टि मात्र परतली नाहीं.

मागाहून त्यांनीं कारण उलगडून सांगितलें. डोळा पुढें येतांच पापण्या त्याच्या मागें आवळून बसतात. रक्ताला परतावयास वाट उरत नाहीं, सूज वाढते, बुबुळावरचा पडदा वाळूं लागतो, दृष्टीची शीर ताणली जाते. अशा वेळीं बाहेरून दाबणें म्हणजे आंतून कडी लावलेलें दार ढकलणें होय. वैद्य आधीं भाग बधिर करतात, पापणीचा कोपरा किंचित् कापून सैल करतात, डोळा अलगद आंत बसवितात, आणि कांहीं दिवस पापण्या शिवून ठेवतात. शीर व स्नायू तुटले असल्यास डोळा काढावा लागतो.

मनुष्यांत असा प्रसंग विरळा. परंतु पथ्य तेंच. दाबूं नये, कांहीं घालूं नये. ओलें स्वच्छ फडकें, वर उपडी वाटी, आणि तडक रुग्णालय.

मिरजेस डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें. शिरवळास क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नांवाचें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. माणसाला व मुक्या जिवाला या मुलुखांत दार आहे. त्या दारापर्यंतची घटका मात्र घरच्यांच्या हातीं असते. मायेचा हात अशा वेळीं कांहींतरी करावयास शिवशिवतो. त्याला आवरणारें शहाणपण घरांत एकापाशीं तरी असावें.