यूशिवायचा क्यू

स्क्रॅबलच्या पिशवीतून क्यू निघाला की पूर्वी खेळणाऱ्याचा चेहराच सगळं सांगून टाकायचा. शंभर टाइल्समध्ये क्यू एकच आणि यू अवघे चार. क्यूच्या मागे यू हवाच, हे शाळेत घोटून घेतलेलं. चारही यू बोर्डावर लागून गेले की क्यू आपल्या गळ्यात. वर तो दहा गुणांचा! डाव संपताना हातात राहिला तर आपले दहा वजा आणि आधी सुटणाऱ्याच्या खात्यात तेच दहा जमा. मामा तर क्यू दिसताच आपली पाळी सोडून टाइल बदलून घ्यायचा.

ऐंशीच्या दशकातल्या मे महिन्याच्या सुट्ट्या अशाच भांडत गेल्या. 'इराक' लावून खूश होणारा एक भिडू हमखास असायचा. विशेषनाम चालत नाही म्हणून त्याला उचलायला लावायचं, की तो रुसायचा. मग एखाद्या दिवशी मावशीने शांतपणे क्यू-ए-टी मांडलं. गिल्ला झाला. कपाटावरून जाडजूड चेंबर्स डिक्शनरी उतरली, मामाने चष्मा लावला, आणि 'कात' निघाला की तिथे! येमेनकडे पानं चघळतात ते झुडूप. मग येमेन कुठे, तिथले लोक पान खातात का, यावर चर्चा रंगली आणि पाळी कोणाची हेच सगळे विसरले.

आता भाची फोनवर खेळते. तिला क्यूची भीती नाही, उलट ती त्याची वाट बघते. यू नसलेल्या क्यूच्या शब्दांची यादी तिला तोंडपाठ आहे. त्यात आपली माणसं किती भेटतात! फकीर आहे, बुरखा आहे, तलाक आहे, कॉलिन्स डिक्शनरीच्या यादीत तर कव्वालीसुद्धा. सगळ्यांत लाडका मात्र क्यू-आय, चिनी 'ची', म्हणजे प्राणशक्ती. अमेरिकेतल्या खेळाडूंच्या यादीत तो २००६ मध्ये आला आणि क्यूचा सगळा दरारा गेला. तिप्पट अक्षराच्या घरात क्यू ठेवून आडवा-उभा दोन्हीकडे 'ची' जुळवला तर दोन टाइल्सवर बासष्ट गुण.

"अगं, पण म्हणजे काय?" मी विचारलं.

"माहीत नाही. चालतं."

ती चुकीची नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विजेते झाले ते फ्रेंच बोलता येत नसताना, नुसते शब्द पाठ करून. खेळ म्हणून हे जास्त चोख आहे, हे मला मान्य आहे. मावशीचा 'कात' आज वीस सेकंदांत निकालात निघाला असता.

पण थाप मारायची सोय गेली, ही माझी खरी तक्रार. फोन खोटा शब्द बोर्डावर बसूच देत नाही. मावशी चक्क मनाने शब्द बनवायची आणि इतक्या सहजपणे मांडायची की चेंबर्स उतरवायचा आम्हाला धीर व्हायचा नाही. अमेरिकेतल्या स्पर्धांत म्हणे अजून ही मजा शिल्लक आहे. तिथे शब्दाला हरकत घ्यायची आणि तो बरोबर निघाला, तर हरकत घेणाऱ्याचीच पाळी जाते. मावशीने तिथे धमाल केली असती.