गाडी तीनवर चालतेय

कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत आलेला रस्ता वैशाखऱ्यापर्यंत गाडीला फारसा छळत नाही. पुढे मोरोशी मागे पडली की माळशेजचा चढ अंगावर येतो आणि इंजिनात काय खोट आहे ते तिथे उघडं पडतं. सपाटीला झाकून राहिलेलं नोझलचं दुखणं चढाला काळा धूर होऊन बाहेर येतं. वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कोकणातून जुन्नरकडे जाणारा माल त्या वाटेने चढायचा. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून वर उभा आहे. तेव्हा जनावरांचा दम बघत असतील. माझ्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, इंजिनाचा दम बघायचे, आणि तो कानाने बघायचे.

त्या वेळी या रस्त्याला गाड्यांच्या जाती मोजक्याच. महिंद्राची प्यूजो इंजिनाची जीप, कमांडर, बजाज टेम्पोची ट्रॅक्स, १९९४ नंतर टाटा सुमो. ओतूर-आळेफाट्याकडची भाजी घेऊन कल्याणला उतरणारे ट्रक-टेम्पो वेगळे. सगळ्यांच्या पोटात रचना मात्र सारखीच: एक पंप, पंपातून निघालेल्या पोलादी नळ्या आणि प्रत्येक नळीच्या टोकाला एक नोझल. पंपाने दाब दिला की नोझलमधली सुई स्प्रिंगला रेटून वर उचलली जायची आणि डिझेलचा फवारा आत सुटायचा. जीप-सुमोच्या इंजिनात ही सुई सव्वाशे बारच्या आसपास उचलायची. बॉशने असे पंप कारखान्यात मोठ्या संख्येने काढायला १९२७ साली सुरुवात केली. आपल्याकडे ते मायको या नावाने रुजले आणि नाशिकच्या सातपूरमध्ये नोझलं तयार होऊ लागली. त्यामुळे आमच्याकडे पंप म्हटला की तो मायकोचा.

मामांची जीप भाड्याला असायची. सकाळी गाडी सुरू झाली आणि तिची धडधड एकसारखी येईना, मध्येच एक ठोका गळतोय असं वाटलं, की मिस्त्री चहाचा कप खाली न ठेवताच सांगायचे, "भाऊ, गाडी तीनवर चालतेय." चारातला एक सिलिंडर झोपलेला आहे, एवढं निदान बॉनेट न उघडताच झालेलं असायचं. कोणता ते शोधायला मग १६-१७चा पाना.

इंजिन मंद चालू ठेवायचं. एकेका नळीचा नट अर्धा फेरा ढिला करायचा, वर फडकं धरायचं. नट ढिला करताच इंजिन अडखळलं, आवाज पडला, तर ती नळी धडधाकट. तिच्या वाट्याचं डिझेल बाहेर गेलं म्हणून इंजिनाला फरक जाणवला. जो नट ढिला करूनही इंजिनाला काहीच वाटत नाही, दोष त्या सिलिंडरात. थंडीतल्या पहाटे याहून सोपी युक्ती होती. गाडी नुकती सुरू केली की सायलेन्सरकडे जाणाऱ्या चारही फाट्यांवर पाण्याचे थेंब टाकायचे. तीन ठिकाणी चर्र होऊन वाळतात, चौथ्यावर थेंब तसाच बसून राहतो. तोच सिलिंडर थंड. या परीक्षेला काडीचा खर्च नव्हता, आणि ती सहसा चुकत नसे.

मग नोझल काढायचं, खालचा तांब्याचा वायसर जपून ठेवायचा, नळीच्या तोंडाला कापडाचा बोळा लावायचा आणि फडक्यात गुंडाळलेलं नोझल कल्याणला पंप-नोझलच्या दुकानात न्यायचं. तिथला टेस्टर म्हणजे हाताने दाबायची दांडी आणि वर दाबाचं घड्याळ. चांगलं नोझल ठरल्या दाबाला कर्रर्र आवाज करत धुकं सोडतं आणि दांडी सोडली की टोक कोरडं राहतं. खराब नोझल पिचकारी मारतं, एका बाजूला फेकतं किंवा टोकाला थेंब धरतं. तो थेंबच धुराचं मूळ; थेंब नीट जळत नाही, त्याची काजळी होते. आतला सुईचा जोड बदलायला काही शे रुपये लागायचे. स्प्रिंगखाली पातळ चकती घालून दाब जुळवला की काम संपलं.

या सगळ्यात मला आजही मोलाची वाटते ती एक गोष्ट: ते काम उघड्यावर चालायचं. जीपभोवती दहा माणसं. कुणी भात झोडून आलेलं, कुणी शाळेतून. मिस्त्री प्रत्येक नटागणिक थांबून विचारायचे, "फरक पडला का रे?" आणि पोरं उत्तर द्यायची. इंजिनाची विद्या अशी रस्त्याच्या कडेला, पुस्तकाशिवाय, फुकट वाटली जायची. तीनवरच्या आणि चारवरच्या इंजिनातला फरक तेव्हा बाईमाणसांनाही कळायचा. घाटावरून येणारी गाडी ऐकूनच आजी सांगायची, या गाडीला काहीतरी झालंय.

मग कॉमन रेल आली. प्रवासी मोटारीत ती जगात पहिल्यांदा १९९७ साली अल्फा रोमिओने बसवली. आमच्या रस्त्यावर ती स्कॉर्पिओच्या, आणि २००७-०८ पासून डिझेल स्विफ्ट-डिझायरच्या रूपाने दिसू लागली. आता पंप फक्त दाब तयार करतो. तो दाब एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठतो आणि कुठला इंजेक्टर कधी, किती क्षण उघडायचा ते संगणक विजेच्या इशाऱ्याने ठरवतो. इंजिन मंद चालत असतानाही रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार असतात आणि जोर लावला की दीड हजारांच्या पुढे. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, पण त्या जुन्या डिझायर शहरात वापरून झाल्यावर आमच्यासारख्या गावांत आल्या. आज वैशाखऱ्यात दारासमोर जी डिझेल गाडी उभी असते, ती बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाची असते, आणि इंजेक्टरचं दुखणं नेमकं याच वयात येतं.

जुनं तेच चांगलं, असं मी म्हणणार नाही. पूर्वीच्या गाड्यांमागून माळशेज चढताना जो धूर गिळावा लागायचा तो मला आठवतो. डिझेलमधलं गंधक २०१७ साली देशभर ५० पीपीएमवर आणि २०२० मध्ये १० पीपीएमवर आलं, फवारा बारीक झाला, गाडी कमी डिझेलात जास्त पळू लागली. हे मोठं काम झालं आहे. गेलं ते एवढंच, की निदान बंद दाराआड गेलं. गाडी कल्याणच्या वर्कशॉपमध्ये टाकायची, काचेपलीकडे बसायचं आणि "चारही इंजेक्टर गेले" हा निकाल ऐकायचा. नवा घेतला तर एकेका इंजेक्टरला बहुधा पाच आकडी रक्कम. पूर्वी मिस्त्री विचारायचे त्या "फरक पडला का?"ला इथे जागाच नाही.

पण ती जागा पुन्हा करता येते, आणि घरच्या अंगणात करता येते. माझा भाचा हे करतो, आणि नीट करतो. तो आधी इंजेक्टरकडे बघतच नाही. पावसाळ्यात आमच्याकडे डिझेलमध्ये पाणी येणं नवीन नाही, म्हणून पहिल्यांदा फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट सोडतो. मग फिल्टर, मग डिझेलच्या नळीत हवा धरली आहे का ते. काळा धूर असेल तर एअर फिल्टर आणि टर्बोचा रबरी पाइप. कच्च्या रस्त्याची धूळ आणि फाटलेला पाइप यांचं पाप इंजेक्टरच्या माथी सर्रास मारलं जातं. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा चिकटा आणि चक्-चक् आवाज असेल तर बहुधा तांब्याचा वायसर गळतोय.

त्यानंतर फोन. स्टिअरिंगखालच्या खाचेत काही शे रुपयांचा ब्लूटूथ अडॅप्टर लावला की रेलमध्ये मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी दिसतो. काही गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला संगणक किती डिझेल वाढवून किंवा कमी करून देतोय, तेही कळतं. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपासून लांब पळत असेल तर तिथे बघायचं. जुना ढिल्या नटाचा प्रश्नच हा, फक्त उत्तर आकड्यात येतं.

आणि शेवटी बाटल्यांची परीक्षा. कॉमन रेलचा प्रत्येक इंजेक्टर थोडं डिझेल परत टाकीकडे सोडतो. आतली झडप झिजली की हे परतीचं डिझेल वाढतं, रेलमध्ये दाब बनत नाही आणि सकाळी स्टार्टर फिरत राहतो पण गाडी धरत नाही. इंजिन बंद ठेवून परतीच्या नळ्या काढायच्या, त्या जागी पारदर्शक नळ्या लावून त्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, मूळ परतीच्या पाइपाचं तोंड बंद करायचं आणि इंजिन दोन-चार मिनिटं मंद चालवायचं. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथ्या बाटलीत त्याच्या तिप्पट, तर दोषी कोण ते अंगणातल्या कुणालाही दिसतं. पिएझो जातीच्या इंजेक्टरला परतीच्या नळीत दाब लागतो, त्यांना ही परीक्षा चालत नाही. आपला कुठला आहे हे आधी बघून घ्यावं. बाटल्या सारख्या भरूनही सिलिंडर झोपलेलाच असेल, तर कॉम्प्रेशन तपासावं. आणि इंजेक्टर बदललाच, तर त्याच्या डोक्यावर छापलेला कोड संगणकात भरून घ्यावा. तो न भरता गाडी हातात देणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नयेत. एक बिघडला म्हणून चारही बदलायला सांगितले, तर चारही बाटल्यांतलं डिझेल दाखवायला सांगावं. ग्राहक म्हणून तेवढा आपला हक्क आहे.

एक गोष्ट मात्र जुन्या दिवसांतून उचलून आणू नका. कॉमन रेलच्या गाडीत इंजिन चालू असताना दाबाच्या नळीला पाना लावायचा नाही. वायरचा सॉकेटही चालू इंजिनावर ओढायचा नाही. गळती शोधायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठा धरायचा. एवढ्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. वर फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, पहिल्या तासात फारसं दुखतही नाही, आणि आतलं मांस मरत जातं. उशीर झाला तर बोट कापावं लागतं. असं कुणाला झालंच तर हळद-मलम करत घरी बसू नका. त्याच क्षणी सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की दाबाखालचं डिझेल आत गेलं आहे.