अंगठ्याच्या पेराएवढा मैल

इंचाला मैल हे सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांचं प्रमाण. काकांनी आम्हा पोरांना ते सोपं करून सांगितलं होतं. अंगठ्याचं वरचं पेर नकाशावर ठेवायचं, झाला एक मैल. गिर्ये ते विजयदुर्ग जेमतेम दोन-तीन पेरं!

काका गिरगावच्या चाळीत राहायचे. फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना अशा नकाशाची एक शीट सापडली होती. नंबर ४७ एच/६, कापडावर डकवलेली, घड्यांवर विटलेली. किनाऱ्यालगतच्या शीट पुढे कित्येक वर्षं संरक्षणाच्या कारणानं सामान्य माणसाला विकत मिळत नसत, त्यामुळे काका तिला फार जपायचे. मे महिन्यात गावी येताना ट्रंकेत कपड्यांच्या वर तीच असे. रात्री ओटीवर कंदील मोठा करून ती उलगडली की आजीसकट सारं घर भोवती जमायचं.

नंबराची गंमतही काकांनीच उलगडून दाखवली. ४७ म्हणजे चार अंश लांब-रुंद मुलूख, एच म्हणजे त्यातला एक अंश आणि ६ म्हणजे त्या अंशाचा सोळावा भाग. देवगड खालच्या शीटवर, ४७ एच/७. राजापूर आणि खारेपाटण शेजारच्या ४७ एच/१० वर. वाघोटणची खाडी आमच्या शीटच्या उजव्या कडेला येऊन तुटायची आणि पुढे खारेपाटणपर्यंत ती कशी वळत जाते ते काका बोटानं ओटीच्या जमिनीवर काढून दाखवायचे.

पाणी निळं, वस्ती लाल, शेती पिवळी, झाडी हिरवी. तपकिरी रेषा उंचीच्या, दर पन्नास फुटांना एक. या रेषा वाचायला मला काकांनी शिकवलं, आणि त्यांचे याहून मोठे उपकार मी मानत नाही. रेषांची दाटी झाली की घाटी चढायची, त्या विरळ झाल्या की सडा, म्हणजे सपाट कातळाचा माळ, आला. आमचा सडा शीटवर जवळजवळ कोराच होता. सर्व्हेवाल्यांनी तिवईवर प्लेन टेबल मांडून, मदतनीस खलाशांना सोबत घेऊन हे सारे मुलूख पायी पालथे घातले. उन्हाळ्यात तो कातळ पायाला कसा भाजतो हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून त्या कोऱ्या जागेबद्दलही आम्हाला आदर वाटायचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशाच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये त्यांतली काही युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हा मला पहिली आठवण झाली ती त्या कोऱ्या जागांची.

आजीला अक्षरओळख नव्हती. निळा ठिपका म्हणजे विहीर एवढं तिला कळलं आणि मग तिचा एकच हट्ट सुरू झाला, "झिला, आमची बाव खंय ती दाखय." काका एका ठिपक्यावर बोट ठेवायचे. ती वाकून बघायची आणि तिथून माहेरापर्यंतची पायवाट स्वतःच बोटानं काढायची. आंब्याखालचा विसावा कुठे, पऱ्या, म्हणजे ओढा, कुठे ओलांडायचा, खाडी ओलांडायची होडी, म्हणजे तर, भरतीच्या वेळी किती वेळ थांबते, सगळं तिच्या बोटाच्या टोकावर होतं. शीटवर ती वाट तुटक रेषेनं दाखवलेली होती आणि आजीचं बोट बहुतेक तिच्यावरूनच जायचं.

पुढे एक लाखाला दोन, म्हणजे १:५०,००० प्रमाणाच्या मेट्रिक शीट आल्या. हवाई छायाचित्रांवरून काम होऊ लागलं. खाड्यांवर पूल झाले आणि तरीच्या होड्या बंद पडत गेल्या. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, पण ती आमच्या शीटच्या बाहेरून, पूर्वेकडून गेली. नवे नकाशे अधिक अचूक आहेत यात शंका नाही. पण माणसं पायानं आणि होडीनं हिंडत होती तेव्हाचं कोकण या जुन्या शीटांवरच सापडतं. गावाच्या इतिहासाचा तो अस्सल कागद आहे, गॅझेटियरइतकाच मोलाचा.

मात्र त्यावर सगळी नावं नाहीत. सड्यांची, पाणंदींची, कोंडांची, शेतांच्या तुकड्यांची नावं फक्त म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहेत. तुमच्या माळ्यावर अशी एखादी शीट असेल तर ती रद्दीत घालू नका. या दिवाळीला गावी जाल तेव्हा तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा, घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि ते सांगतील ती नावं पेन्सिलीनं जागच्या जागी लिहून घ्या.