सोज्वळ मुखवटे: अमेरिकन कादंबरीतील सायकोपॅथ स्त्री

अमेरिकन कादंबरीत खुनी स्त्रिया विपुल आहेत, सायकोपॅथ स्त्रिया मोजक्या. हा फरक मनोविकारशास्त्रातला आहे आणि कादंबरीकारांनी तो नेहमी पाळलेला नाही. सायकोपॅथ व्यक्तीला भास होत नाहीत. आपण काय करतो आहोत आणि ते जगाला चालणारे नाही, हे तिला पुरते ठाऊक असते. तिच्यापाशी नसते ती दुसऱ्याच्या दुःखाची कणव आणि अपराधाची टोचणी. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथील मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ (शहाणपणाचा मुखवटा) या ग्रंथातून हे वर्णन रूढ केले. पुढे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी २० लक्षणांची तपासयादी तयार केली. तीत ४० पैकी किमान ३० गुण पडले, की उत्तर अमेरिकेत साधारणपणे सायकोपॅथी मानली जाते. ही यादी मुख्यतः तुरुंगातल्या पुरुषांच्या अभ्यासातून घडली. स्त्रियांना ती कितपत लागू पडते, हा वाद मिटलेला नाही.

क्लेक्लींचे रुग्ण आणि कादंबरीतल्या या स्त्रिया शेजारी ठेवल्या, तर साम्य फक्त मुखवट्यापुरते उरते. क्लेक्लींचे रुग्ण क्षुल्लक लाभासाठी स्वतःचेच वाटोळे करून घेतात, नोकऱ्या गमावतात, पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात पडतात. कादंबरीतली स्त्री बेत आखते, वाट पाहते आणि सहसा चुकत नाही. तिचा मुखवटा मात्र त्या त्या काळातल्या ‘चांगल्या बाई’च्या मापाने बेतलेला असतो. त्यामुळे या व्यक्तिरेखांमधून मनोविकारापेक्षा त्या काळातल्या घराचीच माहिती अधिक मिळते.

क्लेक्लींच्या ग्रंथाआधीच जेम्स एम. केन यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’मधील फिलिस नर्डलिंगर अवतरली होती. १९३६ मध्ये ‘लिबर्टी’ साप्ताहिकातून ही कथा क्रमशः आली. तिच्या मुळाशी न्यूयॉर्कमधले रूथ स्नायडर प्रकरण होते: विम्याच्या पैशासाठी प्रियकराच्या मदतीने १९२७ मध्ये नवऱ्याचा खून, आणि १९२८च्या जानेवारीत सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीत मृत्युदंड. केननी त्यात स्वतःची भर घातली. त्यांची फिलिस पूर्वी परिचारिका होती आणि तिच्या देखरेखीखालची मुलेही तिने मारलेली आहेत. बिली वाइल्डर यांच्या १९४४च्या चित्रपटात मुलांचे हे खून गळाले आणि उरली मोहात पाडणारी सुंदरी. हे नुकसान लहान नाही. कादंबरीतल्या फिलिसला मृत्यूचेच आकर्षण आहे, पैसा हे निमित्त. पडद्यावर तिला सरळसोट हेतू मिळाला.

विल्यम मार्च यांच्या ‘द बॅड सीड’ला (१९५४) या परंपरेत मध्यवर्ती स्थान आहे. खुनी आहे आठ वर्षांची ऱ्होडा पेनमार्क: वेण्या घट्ट, फ्रॉक चुरगळलेला नाही, मोठ्यांशी बोलणे अदबीचे. सुलेखनाचे पदक आपल्याला न मिळता वर्गातल्या मुलाला मिळाले, एवढ्यावरून शाळेच्या सहलीत ती त्याला बुडवते. तिच्यावर संशय घेणारा नोकर लिरॉय आगीत मरतो, आणि ऱ्होडा नेहमीच्या नीटनेटकेपणाने आपल्या उद्योगाला लागते. मार्च यांचे खरे कौशल्य आईच्या, म्हणजे क्रिस्टीनच्या चित्रणात आहे. आपली जन्मदात्री एक कुप्रसिद्ध खुनी होती, हे कळल्यावर क्रिस्टीन मुलीच्या दुष्टपणाचा सारा दोष स्वतःच्या रक्तावर घेते. हा आनुवंशिकतेचा सिद्धांत शास्त्र म्हणून कच्चा आहे, आणि कादंबरीचा सर्वांत दुबळा भागही तोच. पण मुलांच्या वागण्याचा जाब आईलाच विचारणाऱ्या पन्नाशीच्या दशकातल्या घरात तो चपखल बसला. क्रिस्टीन मुलीला झोपेच्या गोळ्या देऊन स्वतःवर गोळी झाडते. मुलगी वाचते, आणि काहीच माहीत नसलेल्या बापाचे तीच सांत्वन ठरते. मॅक्सवेल अँडरसन यांच्या नाटकाने हा शेवट राखला. १९५६च्या चित्रपटाला मात्र हॉलिवूडच्या आचारसंहितेप्रमाणे गुन्ह्याला शिक्षा दाखवणे भाग होते. तेव्हा आई वाचली आणि ऱ्होडावर चक्क वीज कोसळली. कमी पडले म्हणून की काय, श्रेयनामावलीत आईची भूमिका करणारी नटी बालनटीला गमतीने चापट्या मारतानाही दिसते.

याच सुमारास जॉन स्टाइनबेक यांनी ‘ईस्ट ऑफ ईडन’मध्ये (१९५२) कॅथी एम्स उभी केली. आईवडिलांना घरासकट जाळणे, नवऱ्यावर गोळी झाडून जुळ्या बाळांना सोडून जाणे, सलिनासच्या वेश्यागृहाच्या मालकिणीला हळूहळू विष घालून तिची गादी बळकावणे, अशी तिची कारकीर्द आहे. काही माणसे जशी शरीराने तशी काही मनाने व्यंग घेऊन जन्मतात, असे निवेदक सुरुवातीला ठामपणे सांगतो. पुढे स्वतःच्याच निवाड्याबद्दल शंका घेतो. बायबलमधल्या केन आणि एबलच्या कथेवर उभारलेल्या या कादंबरीत कॅथीने सैतानाची जागा घेतली आहे. त्यामुळे बाकी सर्वांना लाभलेले निवडीचे स्वातंत्र्य तिला मिळत नाही. पुस्तकाचा सारा भर माणसाच्या निवडीवर असताना ही उणीव डोळ्यांत खुपते.

स्टीफन किंग यांच्या ‘मिझरी’तील (१९८७) ॲनी विल्क्सला वाचक सर्रास सायकोपॅथ म्हणतात. तिने रुग्णालयात अर्भके मारलेली आहेत, हे खरे. पण तिचे विषण्णतेचे झटके, भान हरपणे आणि भावनांचा उद्रेक सायकोपॅथच्या थंड स्वभावाशी जुळत नाहीत. ती वेगळ्या कप्प्यातली.

मोठा बदल घडला निवेदनात. ‘डबल इन्डेम्निटी’त फसलेला पुरुष बोलतो, मार्चच्या कादंबरीत आईची नजर आहे. सायकोपॅथ स्त्री स्वतः गप्प. शर्ली जॅक्सन यांच्या ‘वुई हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल’मध्ये (१९६२) अठरा वर्षांची मेरिकॅट स्वतः कथा सांगते आणि तिचे बोलणे इतके लाघवी आहे, की साखरेतून आर्सेनिक देऊन कुटुंब संपवणारी हीच, हे उघड झाल्यावरही वाचक तिच्या बाजूने राहतो. गिलियन फ्लिन यांनी हे तंत्र ‘गॉन गर्ल’मध्ये (२०१२) टोकाला नेले. एमी डनची रोजनिशी अर्ध्या पुस्तकापर्यंत सोशिक पत्नीचा आवाज ऐकवते. मग तीच रोजनिशी नवऱ्याला खुनात अडकवण्यासाठी रचलेली बनावट असल्याचे ती स्वतः सांगते. तिच्या आईवडिलांनी, दोघेही मानसशास्त्रज्ञ, तिच्या बालपणावरून ‘अमेझिंग एमी’ ही आदर्श मुलीची पुस्तकमाला लिहून पैसा केला. चांगुलपणाची नक्कल एमीला घरातच शिकायला मिळाली. पुरुषांना हवी तशी मोकळीढाकळी, कधीच न रागावणारी मुलगी होण्याचे सोंग ती ज्या उतार्‍यात फाडते, तो तिला मुळीच न मानणाऱ्या वाचक स्त्रियांनाही पटला. गोची इथेच आहे: निदान खुन्याचे, तक्रार रास्त. आणि शेवटी एमी सुटते, गरोदर आणि सन्मानित.

या साऱ्याजणी गोऱ्या आहेत, बहुतेक सुखवस्तू. मुखवटा चालतो तो समाज आधीच विश्वास टाकतो अशा चेहऱ्यावर, हे त्यामागचे कारण असावे. टोनी मॉरिसन यांची ‘सुला’ (१९७३) म्हणूनच वेगळी वाचावी लागते. ओहायोतल्या कृष्णवर्णीय वस्तीत सुलाच्या हातातून निसटून एक पोर नदीत बुडते. आई जळताना ती पाहत उभी राहते, कुतूहलाने, असे आजीचे म्हणणे. मॉरिसन निदान करत नाहीत. वस्ती मात्र तिला दुष्ट ठरवते आणि त्या दुष्टपणाच्या धाकाने एकमेकांना, पोराबाळांना जपू लागते. सुलाच्या मृत्यूनंतर लोक पुन्हा पूर्वीसारखे वागू लागतात.