भाकर कुणाला दिली

सतरा सप्टेंबरला माजलगावात झेंडा चढतो. भाषणात ऐकतो, रझाकारांना जनतेचा पाठिंबा नव्हता. नव्हता? माझ्या पणजीनं त्यांना भाकरी थापून दिल्या.

आज्जा सांगतो, "दारात बंदूक उभी. नाय म्हनायला जीभ कुठं व्हती?" पण नुसती भीती नव्हती, हेही आपणच सांगितलं पाहिजे. निजामाच्या राज्यात आपल्या काही लोकांना गायरान कसायला मिळालं होतं. बी. एस. व्यंकटराव हैदराबादेत मंत्री झाले होते. पणज्याला वाटलं, ही बंदूक आहे तोवर जमीन आपली. निजामाची बाजू घेऊ नका, असं बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच बजावलं होतं. आमच्या वस्तीत ते वाचायला कोण होतं?

१३ सप्टेंबर १९४८ ला फौज शिरली, पाच दिवसांत निजाम शरण आला. कासिम रझवी तुरुंगात गेला, १९५७ ला सुटून पाकिस्तानात. मागं राहिलेल्या गरीब मुसलमानांची कत्तल झाली. सुंदरलाल समितीनं संस्थानातल्या मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. आमच्या उभ्या ज्वारीत गावानं गुरं घातली. गायरान गेलं.

आज्जा तेव्हा पाळण्यात. पण हे ऐकतच वाढला. १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात जेलात गेला, हातात साधी काठी नव्हती. सुटून आला आणि तेच गायरान पुन्हा नांगरलं. बाप पँथरच्या गोष्टींवर वाढला. १९७२ ला आपण अमेरिकेतल्या बंदूकवाल्या ब्लॅक पँथरचं नाव घेतलं, बंदूक नाही घेतली.

मी मात्र घेतली. कवितेत. खैरलांजी वाचलं तेव्हा गडचिरोलीचं जंगल जवळचं वाटलं. चार-पाच कविता त्याच धुंदीत लिहिल्या, छापल्या नाहीत ते बरंच झालं.

शहाणे म्हणतात, तिसऱ्या पिढीत बंदुकीचा पाठिंबा आटतो. अरे, तो बंदुकीला होता कधी? जमिनीला होता.

ऑक्टोबर २०२५ ला भूपतीनं गडचिरोलीत साठ साथीदारांसह हत्यार खाली ठेवलं. जिनिंगात, रुईच्या धुरळ्यात, मी मोबाइलवर बातमी दाखवली. शेजारचा म्हणाला, "गाठी उचलू लाग." घरी आज्जाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,

"मंग तिथली जमीन कुनाच्या नावावर झाली?"

मला सांगता आलं नाही. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानं कसणाऱ्याच्या नावावर करायचं सरकारनं ठरवलं होतं. आज्जाच्या पेटीत अर्जांच्या पोचपावत्या आहेत, पिवळ्या पडलेल्या. सोमवारी खाडा करून त्या घेऊन जायचंय. आज्जा येतो म्हणतोय.